लेकराचा चेहरा, लाकडाचा ठसा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विसाव्या शतकातल्या जपानी चित्रकारांवर एक टिपण होतं. या मंडळींनी स्वतःच्या मुलाबाळांची चित्रं कशी केली, आणि त्यातली लाकडी ठशाची व्यक्तिचित्रं वेगळी का दिसतात, हा त्याचा विषय. त्यावर आलेल्या पत्रांपैकी ज्यांची उत्तरं इतरांनाही उपयोगी पडतील ती इथे घेतली आहेत. 'मला चित्र काढता येत नाही, तरी जमेल का' असं विचारणाऱ्या सर्वांना एकत्र उत्तर : रेखाटन कच्चं असेल तर ठसा ते लपवणार नाही, उलट पक्कं करून दाखवेल. आधी पेन्सिल.

किशिदा र्‍यूसेइ यांची 'रेइको' ही चित्रमालिका लाकडी ठशाची आहे का? घरी असलेली छापील प्रत तशी वाटते. (कोल्हापूर)

नाही. किशिदा (१८९१–१९२९) यांनी १९१४ साली जन्मलेल्या आपल्या मुलीची चित्रं १९१८पासून पुढे कितीतरी वेळा केली, पण त्यातली गाजलेली चित्रं तैलरंगातली किंवा जलरंगातली आहेत. १९२१चं 'हसरी रेइको' टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात आहे. विणलेली शाल आणि हातात हिरवं संत्रं असलेलं ते चित्र तैलचित्रच. शालीचा एकेक टाका रंगवला आहे, असं काम ठशात कुणी करायला जाऊ नये. तुमच्याकडची प्रत बहुधा ऑफसेट छपाईची असेल. ती ओळखायची कशी, हे खाली एका उत्तरात आलं आहे.

मग मुलांची ठशातली चित्रं कुणी केली? जुन्या उकियो-एमध्येही (जुन्या जपानी ठसाचित्रांत) मुलं दिसतातच की. (पुणे)

दिसतात, पण ती 'कुणाची तरी' मुलं असतात : आईच्या कडेवरची, खेळणारी, ठरावीक चेहऱ्याची. जुन्या पद्धतीत प्रकाशक पैसे घालायचा, चित्रकार फक्त रेखाटन द्यायचा, कोरणारा वेगळा आणि छापणारा वेगळा. नट किंवा गणिकेचं चित्र शेकड्यांनी खपायचं. चित्रकाराच्या मुलाचा चेहरा कोण विकत घेणार?

हे बदललं ते 'सोसाकु-हांगा' म्हणजे 'सर्जनशील ठसा' चळवळीमुळे. १९०४ साली यामामोतो कानाए यांनी 'कोळी' हे चित्र स्वतःच काढलं, कोरलं आणि छापलं. १९१८ साली या मंडळींची संघटना झाली. एकट्यानेच सगळं करायचं आणि वीस-तीस प्रतींवर थांबायचं म्हटल्यावर विषय गिऱ्हाइकाच्या पसंतीचा असण्याची गरज उरली नाही, आणि घरातला न सांगता मिळणारा नमुना म्हणजे आपलंच लेकरू. सेकिनो जुनइचिरो (१९१४–१९८८) हे या पिढीतले व्यक्तिचित्रांचे मोठे नाव. १९४७ सालचं काबुकी नट नाकामुरा किचिएमोन यांचं त्यांचं चित्र अनेकांनी पाहिलं असेल. त्यांनी घरच्या माणसांनाही ठशात आणलं. त्यांचे गुरुस्थानी असलेले ओन्ची कोशिरो (१८९१–१९५५) यांनी १९४३ साली कवी हागिवारा साकुतारो यांचा चेहरा केला, तोही शेजारी ठेवून बघा. तिथे सुरकुत्या हेच चित्र आहे. मुलाच्या चेहऱ्यात ती सोय नाही. रेघांना धरायला काही नसतं, म्हणून सगळा भार रंगाच्या सपाट पृष्ठांवर पडतो. पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच निघतात.

पाच वर्षांच्या मुलीचा चेहरा जपानी पद्धतीने, पाण्याच्या रंगांत करायचा आहे. लिनोकट (लिनोलियमवर कोरलेला ठसा) येतं. किती ठसे लागतील, सुरुवात कुठून करू? (डोंबिवली)

पहिल्या प्रयत्नाला कागद ३० × ४० सेंमी, चित्र २४ × ३२ सेंमी. याहून लहान केलंत तर डोळे कोरताना हाल होतात. ठशाच्या पाच बाजू पुरतात : एक रेघांची, दोन त्वचेच्या (मूळ रंग आणि सावली), एक केसांची, एक कपड्यांची. दोन्ही बाजूंनी कोरलं की तीन फळ्यांत काम होतं आणि एक बाजू पार्श्वभूमीसाठी उरते. ओठांचा छोटा तुकडा कपड्यांच्या फळीवरच ठेवता येतो. त्याच्याभोवती तीन-चार सेंमी मोकळी जागा असली म्हणजे झालं, नाहीतर ब्रश दोन्ही रंग एकत्र करतो.

लाकूड : जपानमध्ये रेघांच्या ठशासाठी डोंगरी चेरी वापरत. आधुनिक चित्रकार बरेचसे 'शिना' प्लायवर आले. ते मऊ, एकसारखं आणि दोन्ही बाजूंनी कोरता येणारं असतं. आपल्याकडे शिना मिळाली नाही तर हेदू किंवा शिवण यांची नीट वाळलेली, रंधा मारलेली फळी चालते. साग घेऊ नका. तो तेलकट असल्याने पाण्याचा रंग धरत नाही आणि त्याचे तंतूही जाड. दुकानातलं साधं कमर्शियल प्लाय पहिल्याच थराखाली तुकडे सोडतं. त्यावर कपडे निघतील, पापणी निघणार नाही. एमडीएफ पाणी पिऊन फुगतं, त्याचा विचारही नको.

रेखाटन : मुलाचं चित्र 'मोठ्या माणसासारखं' दिसतं ही सगळ्यांची तक्रार असते, आणि कारणं बहुतेकदा दोनच. पहिलं, डोळे फार वर काढले जातात. मोठ्यांचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. पाच वर्षांच्या मुलात ते मध्याच्या खाली असतात आणि कपाळ मोठं असतं. दुसरं, नाकाच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी रेघ. फोटोत ती पुसट सावली असते. कोरली की काळी रेघ होते आणि मुलगी चाळिशीची दिसू लागते. ती रेघ कोरूच नका. नाकासाठी दोन नाकपुड्यांचे ठिपके आणि टोकाखालची लहानशी सावली पुरे. हनुवटीची रेघही बाजूचा रंग थांबतो तिथे आपोआप दिसत असेल तर सोडून द्या. रेखाटन झालं की त्यातल्या रेघा मोजा आणि एक तृतीयांश खोडा. चेहरा बिघडला नाही तर आणखी खोडा.

ठशावर उतरवणं : पातळ, अर्धपारदर्शक कागदावर शाईने काढलेलं रेखाटन पालथं करून खळीने फळीवर चिकटवायचं. त्यामुळे ठशावर चित्र उलटं येतं आणि छापल्यावर सुलटं. आरशातल्या चेहऱ्याची सवय असलेल्यांनी भांगाची बाजू आधी तपासावी. खळ सुकत आली की कागदाचा वरचा थर बोटाने हलके चोळून काढतात आणि वर तेलाचा थेंब पसरतात. मग रेघा लख्ख दिसतात.

केन्तो : कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून ठशाच्या काठावर दोन खाचा करतात. उजव्या हाताने छापणाऱ्याच्या जवळच्या काठावर, उजव्या कोपऱ्यात काटकोनी खाच, आणि त्याच काठावर डावीकडे एक सरळ खाच. खोली फक्त एक ते दीड मिलिमीटर. जास्त खोल केली तर कागदाची कडा तिथे वाकते. ही खाच रेघांच्या ठशावर आधी करा. मग त्या ठशाचे खाचांसकट पाच-सहा छाप पातळ कागदावर घ्या आणि तेच बाकीच्या फळ्यांवर चिकटवून रंगांच्या जागा आखा. दुसऱ्या फळीवर खाचा पट्टीने मोजून आखू नका. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही डोळ्यात दिसतो, आणि इथे तर अक्षरशः डोळ्यातच दिसतो.

कोरणं : लिनोमध्ये तुम्ही इंग्रजी व्ही आकाराच्या हत्याराने रेघेच्या कडेने जाता. इथे सुरी वापरा. पातं रेघेपासून बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवून कापा, म्हणजे रेघ वर बारीक आणि बुडाशी रुंद राहते. सरळ उभं कापलं तर रेघ ब्रशच्या ओलाव्याने मोडते. मग दोन-तीन मिलिमीटर बाहेरून उलट्या कोनात दुसरा काप घ्या आणि मधली धांदोटी काढा. रेघेलगत एक-दोन मिलिमीटर खोली पुरते, पण गाल किंवा पार्श्वभूमीच्या मोकळ्या जागेत तीन-चार हवी. ओला कागद तिथे खाली झोळतो आणि तळाचा रंग उचलतो.

डोळ्यातला चमकीचा ठिपका आधी कोरा, बुबुळ नंतर. हात घसरला तर ठिपका मोठा होतो एवढंच. उलट क्रमाने गेलात तर बुबुळाची कडाच जाते.

केस एकेक कोरायचे का? (नागपूर)

नका. उकियो-एमध्ये कपाळाजवळचे केस कोरणारे कारागीर वेगळे असत आणि ते काम वर्षानुवर्षं शिकावं लागे. मुलांचे केस मऊ असतात, त्यांचा एक सपाट आकार करा आणि कडेला पाच-सात बटा सुट्या सोडा. तो आकार आधी फिक्या राखाडीत आणि मग काळ्या शाईत, असा दोनदा छापला की खोली येते. एकाच वेळी घट्ट काळा थापला तर केस टोपीसारखे दिसतात.

त्वचेचा रंग छापताना ठिपके-ठिपके येतात. कधी उलट कागदच ठशाला चिकटून उपटतो. बारेन (कागदाची पाठ घासायची जपानी तबकडी) नाही, स्टीलच्या चमच्याने घासते. (सांगली)

पत्रात तीन वेगळ्या अडचणी आहेत.

ठिपके येतात म्हणजे खळ कमी, कागद कोरडा किंवा दाब अपुरा. जपानी छपाईत हा परिणाम मुद्दामही आणतात. आधुनिक चित्रकारांनी तो पार्श्वभूमीत भरपूर वापरला आहे आणि भिंत, लोकर, धूर यांसाठी तो छान दिसतो. मुलाच्या गालावर मात्र तो गोवर आल्यासारखा दिसतो. कागद उपटतो म्हणजे खळ जास्त. हाताच्या पंजाएवढ्या भागाला वाटाण्याएवढी खळ, रंगाचे दोन-तीन ठिपके आणि ओला ब्रश हे प्रमाण धरा. सगळं ठशावरच ब्रशने मिसळायचं, आधी गोल फिरवत आणि शेवटी लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलके हात मारून. ठसा चकाकता कामा नये. ओल्या मखमलीसारखा मंद दिसला की कागद ठेवा. कोरडा ठसा पहिल्या तीन-चार छापांत सगळं पाणी पिऊन टाकतो, म्हणून छपाईआधी अर्धा तास तो ओल्या फडक्याने पुसून ठेवा आणि पहिले छाप रद्दी कागदावर घ्या.

खळ घरी करता येते. एक चमचा तांदळाची पिठी, पाच-सहा चमचे पाणी. गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा, मलमलीतून गाळा. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते. आंबट वास आला की टाकून द्या.

चमच्याने रेघा निघतात, सपाट रंग निघत नाही. त्याचा दाब एका बिंदूवर पडतो. खरं बारेन म्हणजे वळलेल्या बांबूच्या सालीचं वेटोळं, त्यावर कागदाच्या थरांची तबकडी आणि बाहेरून बांबूच्या पानाचं आवरण. वेटोळ्याच्या गाठींमुळे दाब असंख्य ठिकाणी वाटला जातो. पर्याय म्हणून चार मिलिमीटर प्लायची अकरा-बारा सेंमी व्यासाची चकती घ्या. तिच्यावर घट्ट पिळाची सुती दोरी सपाट वेटोळ्यात चिकटवा, वरून बेकिंगचा कागद ताणून बांधा. ओल्या कागदाच्या पाठीवर थेट घासू नका, मध्ये बटर पेपर ठेवा.

आता रंग. बाजारातला 'स्किन' नावाचा तयार रंग घेऊ नका, त्यातला पांढरा रंग कागदाचा उजेड मारतो. पिवळा ऑकर आणि त्यात किंचित लाल, भरपूर पाण्यात, हा झाला मूळ थर. गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्याला त्यातच बर्न्ट सिएना. एका गडद थरापेक्षा दोन-तीन फिके थर नेहमी चांगले, कारण प्रत्येक थर कागदाच्या तंतूंत मुरतो आणि त्वचा आतून उजळलेली दिसते. गालावरची लाली वेगळ्या ठशाने कडा ठेवून छापू नका. मूळ त्वचेच्याच ठशावर गालाच्या जागी पाण्याचा थेंब टाका, त्यात ब्रशच्या कोपऱ्याने रंग सोडा आणि छापा. कडा आपोआप विरते. दर प्रतीत ती जरा वेगळी येईल, त्याला इलाज नाही. आमच्या मते तो असूही नये.

चौथ्या रंगापासून ठसे जुळेनासे होतात. खाचा बरोबर आहेत, तपासल्या. (न्यू जर्सी)

खाचा बरोबर असतील, कागद लहान होतोय. ओला कागद पसरतो, वाळला की आकसतो, आणि तोही दोन्ही दिशांनी सारखा नाही. हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या खोलीत वीस मिनिटांत फरक पडतो. मुंबईच्या मे महिन्यात पंख्याखाली छापणाऱ्यांचीही हीच गत होते.

उपाय असा. आदल्या दिवशी कागद एकाआड एक भिजवा. एका कागदावर रुंद ब्रशने पाणी फिरवा, त्यावर कोरडा, पुन्हा ओला, असा गठ्ठा करून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, वर फळी ठेवा. रात्रभरात ओल सारखी पसरते. कागद गालाला लावला तर थंड लागावा, पण पाणी दिसू नये. छापताना एका वेळी एकच कागद बाहेर काढा आणि लगेच परत गठ्ठ्यात ठेवा. दहा चांगल्या प्रती हव्यात तर सोळा कागद भिजवा. सगळ्या कागदांवर एक रंग पुरा करूनच पुढचा घ्या, आणि शक्य तर सगळं काम दोन दिवसांत आटपा. जास्त लांबलं तर बुरशी येते. रात्री गठ्ठा फ्रिजमध्ये ठेवावा.

क्रम : रेघा आधी, मग त्वचा, मग कपडे, केस आणि शेवटी पार्श्वभूमी. त्वचेचा ठसा रेघेखाली अर्धा मिलिमीटर आत सरकवून कोरला तर थोडी चूक रेघ पोटात घेते. रेघ नाही तिथे ती दिसणारच. म्हणून कमी रेघांच्या चित्राला ओलीची शिस्त जास्त लागते.

कागदही तपासा. कोझोच्या (तुतीच्या जातीच्या झाडाच्या) लांब तंतूंचा जपानी कागद ओला असताना आठ-दहा छाप सोसतो. सुती हातकागद जाड आणि आखूड तंतूंचा असतो, तेलाच्या शाईला उत्तम, पण बारेनखाली त्याचा पृष्ठभाग निघू लागतो. कागदावर सरस-तुरटीचा हात नसेल तर रंग फुटतो. एक लिटर पाण्यात सुमारे २० ग्रॅम सरस आणि १० ग्रॅम तुरटी : सरस रात्रभर भिजवून न उकळता विरघळवा, तुरटी शेवटी घाला. तुरटी वाढवली तर कागद काही वर्षांत पिवळा आणि ठिसूळ होतो.

जपानी ठसाचित्र विकत घेताना खरं कसं ओळखायचं? योशिदा हिरोशी यांचं ताजमहालाचं चित्र मिळत आहे. (मुंबई)

दहापट भिंगाखाली पाहा. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती ऑफसेट, विषय संपला. ठशात रंग तंतूंत मुरलेला असतो, पाठीमागे बारेनच्या घासण्याच्या खुणा आणि उमटलेला रंग दिसतो.

योशिदा यांनी १९३०–३१ साली मुलगा तोशी याच्यासह भारताचा प्रवास केला, ताजमहाल आणि उदयपूरची चित्रं त्यातली. त्यांच्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतींच्या समासात, बहुधा डावीकडे, 'जिझुरी' (स्वतः छापलेलं) असा दोन अक्षरी शिक्का असतो. १९५०मध्ये ते वारले. नंतरच्या प्रतींवर तो नसतो आणि सही पेन्सिलीऐवजी शिक्क्याची असू शकते. त्याही लाकडी ठशाच्याच आहेत, फक्त किंमत तीच देऊ नका. एक अपवाद : १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला वातानाबे या प्रकाशकासाठी केलेल्या मोजक्या चित्रांवर जिझुरी नसतेच. तुमचं चित्र त्यात बसत नाही. आणि समास कापलेला असेल तर घेऊ नका.

मुलाचं चित्र फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं आहे. दोन पावसाळ्यांत तपकिरी डाग आले. (रत्नागिरी)

डाग बुरशीचे किंवा हार्डबोर्डमधल्या आम्लाचे, बहुधा दोन्हींचे. फ्रेम उघडा. मागचा पुठ्ठा फेका आणि आम्लरहित बोर्ड घाला. चित्र काचेला टेकता कामा नये, मधल्या माउंटने तीन-चार मिलिमीटर अंतर ठेवा. चित्र चारही बाजूंनी चिकटवायचं नाही. वरच्या काठाला पातळ जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने, बस. सेलोटेप आणि लॅमिनेशन हे दोन शत्रू. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर फ्रेम लावू नका, आणि आतल्या भिंतीवरही मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळू द्या. खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवणं कोकणात स्वप्नच आहे. म्हणून जून ते सप्टेंबर चित्र उतरवून आम्लरहित फोल्डरमध्ये, सिलिका जेलसह घट्ट डब्यात ठेवलेलं बरं. संग्रहालयं अशा चित्रांना सुमारे ५० लक्स उजेड देतात आणि काही महिन्यांनी ती आत ठेवतात. खिडकीसमोर लावलं तर आधी गालाची लाली उडते.

आलेले डाग ब्लीचने घालवायला जाऊ नका, तुरटीचा हात आणि रंग दोन्ही जातात. कागदाच्या संवर्धकाकडे न्या.

प्रतींवर क्रमांक कसे घालायचे? (बेळगाव)

चित्राखालच्या समासात पेन्सिलीने : डावीकडे क्रमांक आणि एकूण प्रती (३/१२), मध्ये नाव, उजवीकडे सही व साल. शाईचं पेन नको, ओल लागली की पसरतं. लाल शिक्का मारायचा असेल तर चित्रात, गडद भागापासून दूर, आणि प्रती पूर्ण वाळल्यावर. चाचणीच्या प्रतींना क्रमांक देऊ नका. त्यांवर 'चाचणी' लिहा, आणि कोणता रंग किती पातळ होता तेही मागे टिपून ठेवा. पुढच्या खेपेला लागतं.